गादी, पावडर आणि रविवारचे पोहे

आमच्या रश्मीला मुलगी झाली आणि तिचं नाव अवंतिका ठेवलं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन हजार तेवीस साल नुकतंच लागलं होतं. रश्मी माझी लेक. बाळंतपणाला ती माझ्याकडे, इथं जबलपूरला राइट टाउनमध्ये आली होती. बारशाला आपल्या मराठी मंडळींतल्या पंचवीस-तीस बायका जमल्या. पाळणा म्हणून झाला, बाळाच्या कानात नाव सांगून झालं, घुगऱ्या वाटायची वेळ आली. मी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दाराशी येते तो काय, प्रत्येकीच्या हातात आधीच एकेक हिरवी पुडी!

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"तुमच्याकडूनच ना, काकू? विनताबाई वाटून राहिल्या."

पुडीवर छापलं होतं: 'प्राणकमल. सांधे, पोट, झोप, केस आणि आत्मविश्वास.' सगळं एकाच चमच्यात! मी विनताबाईंकडे पाहिलं. त्या पाळण्याशी उभ्या होत्या आणि माझ्या विहिणीला सांगत होत्या, "आईचं दूध सुटलं की लगेच सुरू करा."

आता तुम्हाला सांगते, असल्या साखळीवाल्या लोकांना हाताळण्यात माझा हात धरणारं तोवर जबलपुरात कुणी नव्हतं. साखळी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच असेल. आधी आपण माल घ्यायचा, मग दोघांना घ्यायला लावायचा, त्या दोघांनी आणखी चौघांना, आणि असं करत करत सगळ्यात वरचा माणूस मोटारीत बसतो. माझा भाचा साबण घेऊन आला होता, त्याला मी पळवला. मागच्या गल्लीतली एक भांडी घेऊन आली, तिलाही पळवलं. माझी युक्ती साधी होती. समोरचा बोलायला लागला की मी माझ्या गुडघ्यांचं सांगायला लागायचे. उजवा कधी सुजला, डावा कधी सुजला, डॉक्टर काय म्हणाला, दुसरा डॉक्टर काय म्हणाला. साबणवाला भाचा डाव्या गुडघ्यापर्यंतसुद्धा टिकला नाही.

पण विनताबाईंपुढे ही युक्ती चालेना. गुडघा हाच तर त्यांचा माल! मी "गुडघा" म्हणायचा अवकाश, त्यांचे डोळे असे चमकायचे, जशी मांजरीला ताटली वाजलेली ऐकू आली.

आणि त्यांना पळवायचं तरी कसं? विनताबाई माझ्या गुरू. मी पांढुर्ण्याकडच्या खेड्यातली. लहानपणी गुरं राखली, शाळेचं तोंड पाहिलं नाही. लग्न होऊन इथं आले, नवरा फॅक्टरीत होता, तोच सगळं वाचायचा. तो गेल्यावर एकदा मला पनागरला जायचं होतं आणि मी कटंगीच्या बसमध्ये बसले. कटंगीला उतरून रस्त्याच्या कडेला रडले. हे ऐकून वरच्या मजल्यावरच्या विनताबाई खाली आल्या. शाळेत मास्तरीण होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, लग्न केलेलं नाही, एकट्याच राहायच्या. म्हणाल्या, "ताई, उद्यापासून चार वाजता." माझी तेव्हा पासष्टी उलटली होती. त्यांनी मला 'ग'पासून सुरू करून पुस्तकापर्यंत नेलं. तेव्हापासून रोज चारला चहा, आणि चहाबरोबर मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकायचं. वयानं मी मोठी, म्हणून त्या मला ताई म्हणतात. त्यांनी शिकवलं म्हणून मी त्यांना बाई म्हणते.

पावडर आल्यापासून चारला पुस्तक उघडेना. बाई यायच्या, बसायच्या, आणि दुधात हिरवी पूड ढवळत म्हणायच्या, "ताई, मला दोन पाय लागतात. डावा आणि उजवा. माझ्याखाली दोन माणसं आली की मी रजत पायरीवर जाते."

"बाई, माझे स्वतःचे दोन धड चालत नाहीत."

"म्हणूनच तर म्हणते, प्या!"

मी प्यायले. चव अशी, की जणू कुणी कडुलिंबाखालची जमीन झाडून आणली. पण माझ्या पोटाची मला काळजी नव्हती. काळजी वेगळीच होती. गल्लीतल्या बायका बाईंना पाहून दारं लावून घेऊ लागल्या होत्या. गुरुवारच्या भजनाला सगळ्याजणी बाईंपासून लांब, भिंतीला चिकटून बसायच्या. मी नाही म्हटलं असतं तर बाई रुसल्या असत्या; हो म्हटलं असतं तर मीही पुड्या घेऊन भिंतीला चिकटलेल्या बायकांच्या मागे लागले असते. मला पावडर नको होती. मला माझे चार वाजता हवे होते.

त्यात दुसरं संकट जबलपुरातल्याच घमापुरातून यायचं. नीलकंठराव. माझ्या नवऱ्याबरोबर फॅक्टरीत होते, ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी. त्यांची बायको जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. मुलगा केतन आणि सून नेहा यांच्याबरोबर राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी चुंबकाच्या गादीची साखळी धरली. गुंडाळलेली गादी स्कूटरवर पुढे उभी करून यायचे. लांबून वाटायचं, एका पाहुण्याला पुढे बसवून आणलंय.

"वहिनी, तुमची कंबर काहून दुखते, ठाऊक आहे का?"

"वय झालं, भाऊजी."

"वय नाही! उत्तर-दक्षिण! तुमचं रक्त चुकीच्या दिशेनं वाहून राहिलं. पंधरा मिनिटं झोपा फक्त."

असं म्हणून माझ्या दिवाणावर गादी अंथरायचे आणि मला आडवं करायचे. मी गुडघ्याचं काढलं, तर गुडघ्याखाली चुंबकाची उशी! त्यांनाही दोन माणसं हवी होती. सगळ्या दुनियेला दोनच माणसं कमी पडत होती.

एके दिवशी मी गादीवर पडले असतानाच बाई दुधाचा पेला घेऊन खाली आल्या. भाऊजी निघूनच जात होते, दारात दोघांची नुसती नजरानजर झाली. आणि आडव्या पडल्या पडल्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना दोन माणसं हवी आहेत ना? मग यांची एकमेकांशीच गाठ घालून द्यावी! बाई भाऊजींना पावडर विकतील, भाऊजी बाईंना गादी. दोघांनाही एकेक पाय मिळेल, दोघंही खूश, आणि मी मोकळी. विळा विळ्याला धार लावत बसेल, गवत वाचेल! रश्मीला सांगितलं, तर ती बाळाला थोपटत म्हणाली, "आई, तुझं डोकं म्हणजे ना!" मला ते कौतुक वाटलं.

मी कामाला लागले. बाईंना सांगितलं, रविवारी दहाला एक गिऱ्हाईक येणार आहे, खाली या. घमापुरात फोन केला. फोन नेहानं उचलला. नेहाला मराठी कळतं, पण बोलताना ती हिंदीत उतरते.

"नेहा, भाऊजींना रविवारी सकाळी दहाला पोह्यांना पाठव. जरा इस्त्रीचा शर्ट घालायला सांग. आमच्या वरच्या विनताबाई येणार आहेत."

मग नेहा हळूच म्हणाली, "अच्छा... पोह्यांना? काकी, वो टीचर वाली? जिनकी शादी नहीं हुई?"

"हो, त्याच. चांगल्या आहेत. दोघांची ओळख करून द्यावी म्हणते."

"काकी! आप तो देवी हो!" नेहा किंचाळलीच. मला वाटलं, सासऱ्याच्या गाद्या खपतील म्हणून पोरीला आनंद झाला.

आता इथं तुम्ही म्हणाल, की एवढी म्हातारी झाली आणि हिला कळलं कसं नाही? खरंच कळलं नाही. जबलपुरात आपली घरं मोजकी. मुलगी बघायची तर मुलीच्या घरी नाही, मुलाच्या घरी नाही, तिसऱ्याच ओळखीच्या घरी, रविवारी सकाळी दहाला, पोह्यांना. नाही जमलं तर कुणाची मान खाली जात नाही. सगळे नुसते पोहे खायला आले होते. माझ्याच दिवाणावर अशी तीन लग्नं ठरली आहेत. पण ती पोरापोरींची! सदुसष्ट वर्षांची बाई आणि एकोणसत्तर वर्षांचा पुरुष यांना पोह्यांना बोलावल्यावरही लोक तेच समजतील, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

नेहानं लगेच आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या मीराला फोन करून बाईंची चौकशी केली. चौकशी करायचीच असते. मीरानं पनागरला बाईंच्या भावाला, विष्णुपंतांना फोन लावला. "तुमच्या बहिणीला रविवारी बघायला येऊन राहिले, आणि तुम्ही तिकडं मटार तोडत बसलात?" हे सगळं मला मागून कळलं. बाई आणि भाऊजी यांना मात्र बघण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. नेहाला वाटलं, पापांना मीच सांगितलं असेल. विष्णुपंतांना वाटलं, ताईंनी बहिणीला विचारलंच असेल. आणि या वयात बहिणीशी असलं बोलायला त्यांनाही लाज वाटली.

रविवार उजाडला. मी मटार घालून पोहे केले, चौकातून खव्याची जलेबी आणवली. साडेनऊलाच दार वाजलं. बघते तर विष्णुपंत! धोतर, कोट, डोक्यावर टोपी. हातात मटारची गोणी आणि बगलेत पिशवी.

"या या! आज अचानक?"

"असं कसं, ताई? मी नको का यायला?" ते गंभीरपणे म्हणाले आणि दिवाणाच्या बरोबर मधे बसले. मला वाटलं, बाईंनी भावालाही दुसरा पाय म्हणून बोलावलं. एका दगडात काम होत असेल तर होऊ दे!

दहाला स्कूटर आली. मागून मोटार. भाऊजींच्या केसांना काळा रंग लावला होता. थोडा कानालाही लागला होता. नेहा भरजरी साडीत, केतन सूटमध्ये. भाऊजींनी गादी खांद्यावर टाकली होती.

"पापा, आज तरी ती गादी राहू द्या ना," केतन दबक्या आवाजात म्हणाला.

"काहून? आजच तर तिचं काम आहे!"

हे वाक्य ऐकून विष्णुपंतांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

बाई वरून आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. माझ्या घरात त्या नेहमी तशाच येतात. माझे गुडघे ठाऊक, म्हणून त्यांनी पोह्यांच्या बश्यांचा ट्रे स्वतःच उचलला. ट्रे गच्च भरलेला, चहा काठोकाठ, म्हणून मान खाली, नजर कपांवर, पावलं हळू. अशा त्या पडद्यामागून बाहेर आल्या. सगळी मंडळी एकदम सावरून बसली. नेहानं पदर डोक्यावर घेतला!

आतल्या खोलीच्या दारातून रश्मी हे पाहत होती. तिनं मला खुणेनं बोलावलं. "आई," ती कुजबुजली, "तू हे काय करून ठेवलंस?"

"काय केलं? एकमेकांना माल विकतील."

"आई, बघ नीट! हा बघण्याचा कार्यक्रम आहे!"

मी वळून बघितलं. दिवाणावर भाऊ. खुर्चीवर नवरदेव. बाजूला त्याच्याकडची मंडळी. समोर ट्रे घेतलेली बाई. मी बाहेर धावले, म्हणजे मला जेवढं धावता येतं तेवढं.

पण तोवर विष्णुपंतांनी चौकशी सुरू केली होती. "आपलं हल्ली काय चालतं?"

"माझं? मी लोकांची झोप सुधारतो," भाऊजी म्हणाले. उठले, एका झटक्यात माझा दिवाण रिकामा केला, म्हणजे विष्णुपंतांना बाजूला सरकवलं, गादी पसरली आणि बाईंकडे वळून म्हणाले, "या. झोपा."

विष्णुपंत ताडकन उभे राहिले. "अहो! अहो, काय हे? आम्ही इथं बसलेलो आहोत!"

"तुम्ही पण झोपा! तिघं मावतात."

"विष्णू, तू बस," बाई म्हणाल्या. त्यांना यात काही वावगं दिसेना, कारण त्यांना समोर फक्त गिऱ्हाईक दिसत होतं. "मी झोपते. पण आधी तुम्ही हे प्यायचं." आणि त्यांनी पोह्यांच्या बशीमागून हिरव्या दुधाचा पेला काढला. "पहिल्या दिवसापासून फरक पडेल. तुमच्या वयाला तर हमखास."

केतन दुसरीकडे पाहू लागला.

"असं का?" भाऊजी म्हणाले. "मी पिईन. पण मग तुम्ही माझ्याखाली यायचं."

"नाही! तुम्ही माझ्याखाली!"

"अहो, थांबा!" मी ओरडले. "हे ते नाही! सगळ्यांनी आधी ऐकून घ्या..."

"ताई, ऐकायचं काय राहिलं?" विष्णुपंतांना घाम फुटला होता. "दोघंही हिशोबी दिसतात. माझी हरकत नाही. लवकर उरकू या." त्यांनी पिशवीतून नारळ काढला, त्यावर कुंकू लावलं आणि भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींनी एका हातानं दूध संपवलं, दुसऱ्या हातानं नारळ घेतला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "झाला शुभारंभ!" त्यांना वाटलं, पनागरचे मटारवाले साखळीत आले.

नारळ घेतला म्हणजे आपल्याकडे ठरलं! नेहा उठली, तिनं खव्याच्या जलेबीचा मोठा तुकडा बाईंच्या तोंडात कोंबला, आणि वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"आशीर्वाद दो, मम्मीजी!"

बाई जलेबी चावायच्या थांबल्या. त्यांनी खाली नेहाकडे पाहिलं. मग नारळाकडे. मग भाऊजींच्या रंगलेल्या कानाकडे. सगळ्यात शेवटी माझ्याकडे. शाळेत त्या कशा होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

"ताई," त्या म्हणाल्या. "सदुसष्टाव्या वर्षी मला ट्रे घेऊन बाहेर आणलंत?"

"बाई, देवाशपथ, मी फक्त गादी..."

"मला एका शब्दानं विचारलं असतंत!"

त्यांनी पदराला तोंड पुसलं आणि जिना चढून गेल्या. भाऊजी हातात नारळ घेऊन उभेच होते. "केतन," ते म्हणाले, "काय होऊन राहिलं इथं?" केतननं त्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं. भाऊजींचं तोंड असं झालं, जसं चालत्या गाडीतून स्टेशन मागे सुटल्यावर होतं. गादीसुद्धा न घेता निघून गेले. विष्णुपंत मटारची गोणी ठेवून गेले. तिचे दाणे मी आणि रश्मी चार दिवस सोलत होतो.

पण गोष्ट घरात राहिली असती तर! दुपारी बारापर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर अभिनंदन सुरू झालं. मंडळाचे सेक्रेटरी श्रीकांत यांनी लिहिलं, 'या वयात समाजापुढे आदर्श.' खाली हात जोडलेले, फुलं, फटाके. मी चष्मा लावून सगळं वाचलं. कधी कधी वाटतं, अक्षरं शिकले नसते तर बरं झालं असतं.

त्यानंतर चार वाजता बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जिन्यात भेटल्या की "बरं आहे ना?" एवढंच. मी चहा दोघींचा टाकायचे आणि एकटी प्यायचे. रश्मी सासरी गेली, घर आणखी मोठं झालं. पुस्तक उघडून बसायचे. पण स्वतःशीच मोठ्यानं वाचायला मला कसंतरीच वाटायचं. मनात म्हटलं, पावडर पीत राहिले असते तर काय बिघडलं असतं? निदान समोर कुणी ढवळायला तरी होतं.

शेवटी मी ठरवलं, पाय धरायचे. जिना चढायला मला एका पायरीला एक श्वास लागतो. वर पोचले, दार उघडंच होतं, आणि आत पाहते तर माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जमिनीवर चुंबकाची गादी. गादीवर विनताबाई, डोळे मिटून, हात छातीवर. शेजारी खुर्चीवर नीलकंठराव, हातात हिरवा पेला, मिशीला हिरवा फेस!

"वहिनी! या!" भाऊजी म्हणाले. "बोलू नका, त्यांची पंधरा मिनिटं चालू आहेत."

"भाऊजी, तुम्ही इथं कसे?"

"माफी मागायला आलो होतो. आठवडाभरापूर्वी."

"मग?"

"मग रोजच येऊन राहिलो."

बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "ताई, यांनी माफी मागताना आधी माझी पूर्ण माहिती ऐकून घेतली. सव्वा तास. मधे एकदाही उठले नाहीत."

"आणि यांनी माझी," भाऊजी म्हणाले. "उत्तर-दक्षिण सगळं. मला तर घरी केतन दोन मिनिटं ऐकत नाही."

मी जमिनीवर बसले. पाय धरायला आले होते, ते राहूनच गेलं.

"मग आता दोघं एकमेकांच्या साखळीत आलात?"

"आलो," बाई म्हणाल्या. "आणि कंपनीचा एक नियम आहे. जोडपं असेल तर एक पायरी आपोआप चढते."

"दोन्ही कंपन्यांत," भाऊजी घाईनं म्हणाले.

"म्हणून आम्ही विचार करून राहिलो," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं मला शुद्ध बोलायला लावणारी बाई, आणि घमापुरासारखं 'करून राहिलो' म्हणाली! तेव्हाच मी समजून घ्यायला हवं होतं. पण मला वाटलं, पायरीसाठीच करताहेत.

"फक्त दोघांनाही दुसरा पाय हवा आहे," भाऊजी म्हणाले, आणि दोघंही माझ्याकडे बघू लागले.

अशी मी एकाच दिवशी दोन्ही साखळ्यांत गेले. साबणवाला भाचा ऐकून म्हणाला, "मावशी, तुझे गुडघे कुठं गेले?"

लग्न वैशाखात झालं, कचेरीत सह्या करून आणि मग वरच्या मजल्यावर सत्यनारायण घालून. त्र्याहत्तराव्या वर्षी मी करवली झाले! दिवा लावलेला करा हातात घेऊन बाईंच्या मागं उभी राहिले. विष्णुपंतांनी पुन्हा एक गोणी आणली. मटारचा मोसम संपला होता, म्हणून कांदे. केतननं वडलांना आणि त्यांच्या सगळ्या गाद्यांना एका टेम्पोत घालून राइट टाउनला आणून सोडलं, आणि माझ्यापुढे हात जोडले. "काकी, घर में अब चल सकते हैं," असं तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

नात्यानं बाई आता माझी जाऊ झाली. एकाच घरात, डोक्यावर! मला वाटलं, देव पावला. चारचे पुन्हा चार होतील.

कुठलं काय! चारला बरोबर स्कूटर सुरू व्हायची. पुढे गादी, मधे भाऊजी, मागे बाई, मांडीवर पावडरीची पिशवी. खिडकीतून मी विचारायचे, "बाई, आज वाचायचं का?"

"उद्या नक्की, ताई! आज अधारतालला एक माणूस ऐकून घेणार आहे!"

दोघं सातला परत यायचे, तोवर माझं देवापुढं दिवा लावून झालेलं असायचं. मी रुसले. खोटं काय सांगू? मीच आणून बसवलेल्या माणसावर मी रुसले. वरून हसण्याचा आवाज आला की मी रेडिओ मोठा करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात गादीची कंपनी बंद पडली. तिच्यामागोमाग पावडरीचीही पडली. कुलूप लावून वरची मंडळी कुठं गेली, ते कुणाला कळलं नाही. भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या." बाई म्हणाल्या, "चव वाईटच होती." मी मनातून आनंदले. आता कुणाकडे जाणार? मी दोन कप चहा टाकला, पुस्तक काढून ठेवलं, चष्मा पुसला.

चार वाजले. स्कूटर सुरू झाली.

मी खिडकीत गेले. पुढे गादी नव्हती, मांडीवर पिशवी नव्हती. "आता काय विकता?" मी ओरडून विचारलं.

"काही नाही, वहिनी!" भाऊजी म्हणाले. "असंच ग्वारीघाटापर्यंत, नर्मदेवर!"

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेव्हा कुठे मला कळलं. सगळ्या जबलपुरात ही गोष्ट सगळ्यात उशिरा मला कळली, आणि जुळवून मीच दिलेलं!

मी आत येऊन दोन्ही कप चहा प्यायले. त्या दिवसापासून रुसणं सोडलं. मी रुसले, तरी त्यांना ते कळतही नव्हतं.

आता बाई रोज चारला खाली येतात. मी वाचते, त्या ऐकतात. कधी मधेच म्हणतात, "ताई, हे पान पुन्हा वाचा, माझं लक्ष नव्हतं." मी पुन्हा वाचते. मला चार वाजता परत हवे होते, ते मिळाले. पण असे मागितले नव्हते.

नीलकंठराव दोन हजार चोवीस सालच्या कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, पहाटे हृदय बंद पडून गेले.